‘शेरीफ’ या शब्दाची नोंद तयार करताना: प्रकल्प नोंदी

३ जून

कायद्याचे विद्यार्थी आणि न्यायालयीन कागदपत्रांचे अनुवादक यांच्यासाठी आम्ही काही जण इंग्रजी कायदेशीर शब्दांचा एक छोटा मराठी कोश तयार करत आहोत. प्रत्येक शब्दाला साधारण दीड पान मिळणार असून त्यात शब्दाचे मूळ, त्याच्या अर्थाचा प्रवास आणि आजचा वापर एवढे बसवायचे आहे. माझ्याकडे ‘शेरीफ’ आला आहे. ‘बेलिफ’, ‘कॉरोनर’ आणि ‘नोटरी’ घेणाऱ्यांना कामाची पद्धत आणि त्यातले खाचखळगे कळावेत, यासाठी ही वही ठेवत आहे.

मराठीत ‘मुंबईचे नगरपाल’ हा प्रयोग रूढ असल्यामुळे प्रतिशब्द आधीच तयार आहे आणि फक्त इतिहास जोडायचा आहे, असे गटाचे मत होते. हा प्रतिशब्द तीन वाक्यांत घालून पाहिला. मुंबईच्या वाक्यात तो चपखल बसला. अमेरिकेतील शेरीफने आरोपीला पकडून तुरुंगात ठेवले, या वाक्यात तो विनोदी वाटला, आणि स्कॉटलंडमधील शेरीफने निकाल दिला, या वाक्यात तर चुकीचाच ठरला. तेव्हा प्रतिशब्द बाजूला ठेवून, हा माणूस कोणत्या काळी नेमके कोणते काम करत होता ते गोळा करण्यापासून सुरुवात करायचे ठरवले.

७ जून

व्युत्पत्तीचे काम सोपे असूनही लांबले, कारण गटातील दोघांनी ‘शेरीफ’ हा अरबी ‘शरीफ’पासून आला असल्याचे ठामपणे सांगितले. उच्चार जवळचा आहे, दोन्ही शब्द मानाच्या माणसाला लागतात, आणि मुंबईचा शेरीफ म्हणजे शहरातील प्रतिष्ठित नागरिक असल्यामुळे ही समजूत आपल्याकडे विशेष पटते. ती खोडायला केवळ ‘तसे नाही’ म्हणून भागत नाही. मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘शीर-गेरेफा’ असा जोडशब्द आहे. ‘शीर’ म्हणजे आजचा ‘शायर’, जो यॉर्कशायर आणि लँकेशायर या नावांत टिकला आहे आणि कौंटी क्रिकेटमुळे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. ‘गेरेफा’ म्हणजे धन्याच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी, पुढच्या इंग्रजीतला ‘रीव्ह’. आरंभीचा ‘गे’ झिजत गेला, मध्ययुगीन इंग्रजीत ‘शिर-रीव्ह’सारखे रूप आले आणि त्यापासून ‘शेरीफ’ झाला. जोडशब्दाचे दोन्ही भाग स्वतंत्रपणेही वापरात होते, हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०६७ मध्ये लंडनकरांना दिलेल्या छोट्याशा सनदेत बिशपबरोबर ‘पोर्ट-रीव्ह’ला, म्हणजे व्यापारी नगराच्या रीव्हला, उद्देशून लिहिले आहे. नगराचा रीव्ह, गावच्या जहागिरीचा रीव्ह आणि शायरचा रीव्ह अशी ही मांडणी अरबी शब्दावरून सिद्ध करता येत नाही. नोंदीत ‘शरीफ’चा उल्लेख एका वाक्यात ठेवला आहे, कारण तो गाळला तर वाचक स्वतःच तो जोडून घेतील.

१६ जून

या आठवड्यातील बराच वेळ वाया गेला आणि त्याचे कारण पुढच्यांनी नीट समजून घ्यावे. बाराव्या-तेराव्या शतकातील स्कॅन केलेल्या दस्तऐवजांत ‘शेरीफ’ शोधला, तर तो जवळजवळ सापडतच नाही. नॉर्मन राजवटीचे लिखाण लॅटिनमध्ये होते आणि त्या लिखाणात शेरीफला ‘विसेकोमेस’ म्हटले जाई. ‘कोमेस’ म्हणजे फ्रान्समधील काउंट, आणि ‘विसेकोमेस’ म्हणजे त्याचा दुय्यम. इंग्लंडमध्ये आलेल्या नॉर्मन कारकुनांनी शायरच्या अधिकाऱ्याला आपल्या ओळखीचे नाव दिले, शायरला ‘कोमिटाटुस’ म्हटले आणि त्यातून ‘कौंटी’ रूढ झाली. लोक मात्र बोलताना जुनाच शब्द वापरत राहिले.

दुसरा घोटाळा यातूनच निघतो. हाच ‘विसेकोमेस’ फ्रेंचमार्गे ‘व्हायकाउंट’ होऊन इंग्लंडमध्ये परत आला आणि पंधराव्या शतकापासून सरदारकीची एक पायरी बनला. त्यामुळे जुन्या लॅटिन मजकुराच्या यांत्रिक भाषांतरात शेरीफच्या जागी व्हायकाउंट येतो आणि वसुली करणारा अधिकारी एकदम उमराव होतो. आमच्या पहिल्या मसुद्यात अशी दोन वाक्ये होती, ती काढली. लॅटिन शिकवणाऱ्या एका बाईंकडून उतारे तपासून घेतले. त्यांनी मानधन घेतले नाही, पण झेरॉक्स आणि टपाल यांवर खर्च झाला. ज्यांच्याकडे ‘बेलिफ’ आणि ‘कॉरोनर’ आहेत त्यांनी इंग्रजी रूपाऐवजी ‘बॅलिवुस’ आणि ‘कोरोनाटोर’ ही रूपे शोधावीत, म्हणजे त्यांचा आठवडा वाचेल.

२४ जून

आज पाइप रोल्स. संपूर्ण कामातील हा सर्वांत सकस भाग आहे आणि नोंदीतही त्याला अधिक जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. राजाच्या खजिन्यात दरवर्षी होणाऱ्या हिशेबाच्या या चर्मपत्री गुंडाळ्या आहेत. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी गुंडाळी ११३० सालची आहे आणि दुसऱ्या हेन्रीच्या राज्यारोहणानंतर ही मालिका जवळजवळ सलग १८३२ पर्यंत चालते. हिशेब बहुतांशी शेरीफचा असतो. शायरमधील राजाच्या जमिनी, दंड आणि हक्क यांपोटी त्याने वर्षाला ठरावीक रक्कम भरायची, आणि त्याहून जास्त वसूल झाले तर ते त्याचे. इस्टरला काही रक्कम आणून टाकायची आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाला पूर्ण हिशेब द्यायचा, अशी रीत होती. चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून बेरीज होई. बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसणाऱ्या त्या कापडावरूनच ‘एक्सचेकर’ हे खात्याचे नाव पडले. भरलेल्या रकमेची खूण म्हणून खाचा पाडलेली काठी उभी चिरून दोघांनी एकेक भाग ठेवायचा. या काठ्यांचा साठा १८३४ मध्ये जाळताना वेस्टमिन्स्टरचे संसदभवनच पेटले, ही गोष्ट आमच्या दीड पानात बसत नाही, पण वहीत लिहून ठेवण्याचा मोह आवरला नाही.

या ठरावीक रकमेला लॅटिनमध्ये ‘फिर्मा’ म्हणत. इंग्रजीतील ‘फार्म’ त्यातूनच आला. आधी ठरलेला खंड, मग खंडाने घेतलेली जमीन आणि शेवटी नुसतेच शेत. भाषांतराच्या पहिल्या खेपेत कोणीतरी ‘कौंटीचे शेत’ असे लिहिले होते. त्यावर ‘ठरावीक महसूल’, ‘ठोक भरणा’ असे पर्याय फिरले आणि कोणताच नीट बसेना. शेवटी पेशवाईचे कागद वाचणाऱ्या सहकाऱ्याने ‘मक्ता’ हा शब्द काढून दिला आणि सगळा व्यवहार एका शब्दात मावला. त्यांनीच लक्षात आणून दिले की मामलेदार आणि कमाविसदार यांच्या हातीही वसुली, बंदोबस्त आणि काही न्यायनिवाडा एकत्र असे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या गेल्या, तेव्हा रयतेची पिळवणूक वाढल्याचे एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात मांडले आहे. इंग्लंडमध्येही आजार तोच होता. केंब्रिजशायरचा शेरीफ पिको याने मठाच्या जमिनी बळकावल्या म्हणून ईलीच्या मठातील लेखकाने त्याला सिंह, लांडगा, कोल्हा, डुक्कर आणि कुत्रा अशी सगळी विशेषणे बहाल केली आहेत. दुसऱ्या हेन्रीने ११७० मध्ये शेरीफांच्या कारभाराची चौकशी लावून बहुतेकांना पदावरून दूर केले.

‘मामलेदार’ हाच प्रतिशब्द घ्यावा अशी सूचना यातून पुढे आली, पण ती मी स्वीकारली नाही. आजच्या वाचकाला मामलेदार म्हणजे तहसीलदार कचेरी आठवते. तुलना नोंदीत राहील, शीर्षकात नाही.

१ जुलै

अधिकार कसे कापले गेले, एवढाच आजचा विषय आहे, म्हणून थोडक्यात. ११९४ मध्ये प्रत्येक कौंटीत कॉरोनर नेमण्याचा आदेश निघाला. राजाच्या हक्कातील, म्हणजे मुख्यतः गंभीर गुन्ह्यांच्या, खटल्यांची नोंद शेरीफव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाकडे तरी असावी हा त्याचा उपयोग होता, आणि शेरीफाने स्वतःच्या कौंटीत न्यायाधीश होऊ नये असेही त्याच वेळी ठरले. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेतील २४ व्या कलमाने शेरीफ, कॉरोनर आणि बेलिफ यांना असे खटले चालवण्याची मनाई केली, २५ व्या कलमाने मक्त्याच्या जुन्या रकमा वाढवू नयेत असे सांगितले, आणि ४५ व्या कलमाने कायदा जाणणाऱ्यांनाच शेरीफ नेमण्याचे वचन दिले. नॉटिंगहॅमच्या शेरीफबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून एक टीप: ५० व्या कलमात ज्यांना पदावरून काढायचे त्यांची नावे आहेत आणि त्यांत फिलिप मार्क आहे, जो नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर या दोन्हींचा मिळून शेरीफ होता. नॉटिंगहॅम नगराला स्वतःचे शेरीफ १४४९ मध्ये मिळाले. रॉबिन हूडच्या गोष्टीतील खलनायक हाच, असे लिहिण्याचा आग्रह झाला, पण तसा पुरावा नसल्यामुळे टीप इथेच संपवली.

६ जुलै

गुन्ह्यांचे खटले गेले, पुढे महसुलाचे महत्त्वही घटले, तरी पद का टिकले याचे उत्तर आज ‘रिट’मध्ये मिळाले. आपल्याला रिट म्हटले की राज्यघटनेतील ३२ वे आणि २२६ वे अनुच्छेद आठवतात. मध्ययुगात मात्र रिट म्हणजे राजाचा लेखी हुकूम आणि तो बहुतांशी शेरीफच्या नावे निघे: अमक्याला हजर कर, तमक्याचा माल जप्त कर, बारा जणांची ज्यूरी बोलाव. शेरीफने हुकूम बजावायचा आणि काय झाले ते त्याच कागदाच्या पाठीवर लिहून न्यायालयाकडे परत पाठवायचे. या परत पाठवण्याला ‘रिटर्न’ म्हणत. इसम सापडला नाही, असा शेरा तेव्हाही सर्रास येई. आपल्या बेलिफांचे अहवाल वाचलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

संसदेसाठी कौंटीतून प्रतिनिधी पाठवण्याचे हुकूमही शेरीफलाच जात आणि निवडलेल्यांची नावे तो रिटच्या पाठीवर लिहून परत करी. ‘रिटर्निंग ऑफिसर’ हे पदनाम तिथून आले. आपण त्याला ‘निवडणूक निर्णय अधिकारी’ म्हणतो, ते योग्यच आहे, पण निर्णय हा मूळ शब्दाचा भाग नाही. इंग्लंडमध्ये कौंटीच्या संसदीय मतदारसंघांचा रिटर्निंग ऑफिसर आजही नावापुरता हाय शेरीफ, म्हणजे कौंटीचा आजचा शेरीफ, असतो आणि प्रत्यक्ष काम दुसरा अधिकारी करतो. ही माहिती मिळाल्यावर नोंदीचा संपूर्ण ढाचा बदलला. तोवर मी पद, दर्जा आणि नेमणूक या क्रमाने लिहीत होतो आणि प्रत्येक परिच्छेद सुटा पडत होता. आता हुकूम येणे, तो बजावणे, आणि त्याचा जाब देणे या तीन कामांवर मजकूर रचला आणि महसुलाचा हिशेबही त्याच दोरीत ओवला गेला. जुन्या मसुद्यातले अर्ध्याहून अधिक लेखन टाकून द्यावे लागले.

१२ जुलै

नेमणुकीचा विधी. नावांच्या लांब चर्मपत्री यादीत, निवडलेल्या नावापाशी राजा किंवा राणी सुईसारख्या टोच्याने भोक पाडते. पहिली एलिझाबेथ बागेत भरतकाम करत असताना यादी आली, हाताशी लेखणी नव्हती म्हणून तिने सुई टोचली, अशी गोड कथा सर्वत्र दिली जाते. परंतु तिचा आजोबा सातवा हेन्री याच्या काळातील भोके पाडलेली यादी उपलब्ध आहे. कथा काढली, विधी ठेवला. मुदतीबाबत एक महत्त्वाची गोष्ट: एका माणसाने वर्षाहून अधिक काळ शेरीफ राहू नये, असे १३४० च्या कायद्याने ठरवले होते. ‘हाय शेरीफ’ हे अधिकृत नाव १९७४ पासूनचे आहे, त्यामुळे जुन्या काळाविषयीच्या वाक्यांत ते वापरू नये.

१७ जुलै

अर्थांना क्रमांक देऊन यादी करण्याचा प्रयत्न फसला. क्रमांक १ इंग्लंड, २ स्कॉटलंड, ३ अमेरिका असे केल्यावर हे तीन वेगळे शब्द वाटू लागले, आणि तपासणाऱ्या वकील सहकाऱ्यांनी ‘यांचा एकमेकांशी संबंध काय?’ एवढाच प्रश्न समासात लिहून कागद परत केला. तो प्रश्न रास्त होता. उपाय म्हणून प्रत्येक ठिकाणी जुन्या कामांपैकी कोणते काम शिल्लक राहिले, हे एका वाक्यात सांगितले.

स्कॉटलंडमध्ये न्याय शिल्लक राहिला. तिथे शेरीफपद घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत असे. १७४५ च्या बंडानंतर, १७४६ च्या कायद्याने ते वारसाहक्क संपवले, आणि आज तिथला शेरीफ हा दिवाणी आणि फौजदारी दोन्ही खटले चालवणारा पूर्णवेळ न्यायाधीश आहे. अमेरिकेत बंदोबस्त, तुरुंग आणि हुकुमाची बजावणी शिल्लक राहिली. बहुतेक राज्यांत कौंटीचा शेरीफ मतदानाने निवडला जातो, कौंटीचा तुरुंग सांभाळतो आणि न्यायालयाच्या हुकमाने मालमत्तेचा लिलाव करतो, ज्याला ‘शेरीफ सेल’च म्हणतात. इंग्रजी चित्रपटांतील घोडेस्वारांची ‘पॉसी’ म्हणजे ‘पॉसे कोमिटाटुस’, अर्थात गुन्हेगाराचा पाठलाग करण्यासाठी कौंटीतील धडधाकट माणसे गोळा करण्याचा शेरीफचा मध्ययुगीन अधिकार. इंग्लंडमध्ये मान, विधी आणि कागदोपत्री जबाबदाऱ्या शिल्लक राहिल्या.

२५ जुलै

मुंबई. सर्वांत सोपा समजलेला हा भाग सर्वांत उशिरा पूर्ण झाला. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर्स कोर्ट स्थापन झाले आणि त्याबरोबर वर्षभरासाठी नेमायचा शेरीफही आला. मेयर्स कोर्टानंतर १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, त्यानंतर सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय असे वरचे छत्र बदलत गेले, तरी हुकूम बजावणे, जप्ती करणे आणि ज्यूरी बोलावणे ही खालची कामे शेरीफकडे राहिली. नागरिकांनी लेखी मागणी केली की टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलावण्याचे कामही तो करी. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ अशा दोन वर्षी या पदावर होते. अलीकडच्या काळात दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनी ते भूषवले, आणि त्यामुळेच सामान्य वाचकाच्या मनात हे पद म्हणजे निव्वळ सन्मान आहे.

मीही नोंदीत ‘सन्मानाचे पद, अधिकार नाहीत’ असे लिहून मोकळा होणार होतो. समुद्री कायद्याचे काम पाहणाऱ्या एका वकिलांनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला: मग जहाज कोण अटक करते? मुंबई उच्च न्यायालयाच्या नौअधिकारितेत थकलेली बिले, खलाशांचे पगार किंवा टक्कर यांवरून दावा दाखल झाला आणि न्यायालयाने जहाज रोखून ठेवण्याचा हुकूम दिला, की तो वॉरंट मुंबईच्या शेरीफच्या कार्यालयामार्फत बजावला जातो. मालक रक्कम भरत नसेल तर जहाजाची विक्रीही त्याच कार्यालयाच्या नावे जाहीर होते. मान्यवर व्यक्ती स्वतः गोदीत जात नाही, काम कार्यालयातील अधिकारी करतात, परंतु हुकूम घेणे, बजावणे आणि न्यायालयाला अहवाल देणे ही साखळी अगदी बाराव्या शतकातील आहे. जाहीर विक्रीच्या नोटिसा मिळवण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे चाळावी लागली. बांधीव अंकांच्या प्रती महाग पडल्या आणि त्यांतील निम्म्या वाचता येण्याजोग्या नव्हत्या. पुढच्यांनी प्रत मागवण्यापूर्वी पान प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

३ ऑगस्ट

प्रतिशब्दावर बैठक झाली आणि ती वादळी झाली. ‘नगरपाल’ सर्वत्र चालवावा असे एका बाजूचे म्हणणे होते, आणि मराठी कोशात परका शब्द शीर्षकाला नको हा त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण अनुवादकाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. शेवटी असे ठरले की शीर्षक ‘शेरीफ’ राहील. मुंबई आणि कोलकाता यांच्या संदर्भात ‘नगरपाल’ लिहावे. स्कॉटलंडसाठी ‘शेरीफ, न्यायाधीश’ असे पहिल्या उल्लेखात स्पष्ट करावे. अमेरिकेसाठी ‘कौंटीचा शेरीफ’ पुरेसे आहे. आणि मध्ययुगीन इंग्लंडसाठी ‘शायरचा शेरीफ’ लिहून कंसात प्रतिशब्द देण्याऐवजी त्याचे काम वाक्यातच सांगावे. ‘जिल्हाधिकारी’ हा पर्याय मतदानाआधीच मागे घेतला गेला, ते बरे झाले.

खर्चाचा बहुतेक भाग झेरॉक्स, वर्तमानपत्रांच्या प्रती आणि एका जुन्या लॅटिन शब्दकोशावर गेला. शब्दकोश आता गटाच्या कपाटात आहे.

९ ऑगस्ट

नोंद पूर्ण करून सोपवली. दीड पानाऐवजी दोन पाने झाली. संपादकांनी अमेरिकेचा परिच्छेद छाटायला सांगितले आणि मी तो छाटला, मक्त्याचा परिच्छेद मात्र सोडला नाही. ‘बेलिफ’ घेणाऱ्या सहकाऱ्यांकडे माझी टाचणे दिली आहेत. मॅग्ना कार्टाच्या २४ व्या कलमात शेरीफच्या पाठोपाठ ‘आमचे इतर बेलिफ’ असे शब्द येतात, म्हणजे त्या काळी राजाच्या कोणत्याही कारभाऱ्याला बेलिफ म्हणता येत होते आणि शेरीफही त्यांतच मोडत होता. समन्स घेऊन दारात येणारा आपल्याकडचा बेलिफ त्यातून कसा उरला, इथून त्यांनी सुरुवात करावी. रिटच्या पाठीवरील शेऱ्यांचे वेगळे पाकीट केले आहे, ते त्यांना पहिल्याच दिवशी लागेल.